पांढरे किल्ले आणि सोनेरी कमानी

मुंबईत वांद्र्याच्या लिंकिंग रोडवर १९९६ साली एका अमेरिकन उपाहारगृहाने आपले दार उघडले, तेव्हा त्या दारावर पिवळ्या रंगाचे एक रोमन अक्षर झळकत होते. ते अक्षर म्हणजे 'एम्'. मॅक्डोनल्ड या नावाचे हे आद्याक्षर, एवढाच अर्थ येणाऱ्याजाणाऱ्यांनी घेतला आणि त्यात वावगे काही नव्हते. परंतु या अक्षराचा जन्म कागदावर झालेला नाही. ते मुळात एका इमारतीचे अंग होते. कॅलिफोर्नियातील दोघा भावांनी आपल्या लहानशा दुकानाच्या दोन्ही अंगांस, छपराला भेदून आभाळात जाणाऱ्या, दोन प्रचंड पिवळ्या कमानी उभारविल्या. पुढे त्या घाटाची दुकाने पाडली गेली, त्यांबरोबर कमानीही गेल्या, आणि मागे उरली ती त्यांची केवळ आकृती. तीच आकृती समुद्र ओलांडून वांद्र्यास आली. इमारतीचे अक्षर कसे झाले, ही कथा दिसावयास क्षुल्लक. पण तिच्यात अमेरिकेच्या विसाव्या शतकाचा बराचसा इतिहास सामावलेला आहे.

वास्तुकलेचा इतिहास म्हटला म्हणजे वेरूळचे कैलास, आग्र्याचा ताजमहाल, रोमची देवळे डोळ्यांपुढे उभी राहतात. पाच सेंटांना खाद्य विकणाऱ्या दुकानाला त्या पंक्तीत पाट कोण मांडणार? तथापि एखादा समाज कशाला भीत होता, कशावर विश्वास टाकीत होता आणि किती घाईत होता, हे जाणावयाचे असेल तर राजवाड्यापेक्षा रस्त्याकडेची दुकानेच अधिक मोकळेपणाने बोलतात. राजवाडा राजाची इच्छा सांगतो. दुकान मात्र गिऱ्हाइकाच्या मनातील शंका ओळखून बांधावे लागते. अमेरिकेतील झटपट खाण्याच्या दुकानांनी जी विचित्र रूपे धारण केली, ती सारी अशा शंकांना दिलेली उत्तरे होती. प्रत्येक रूप म्हणजे अनोळखी वाटसरूला दिलेले एक वचन होते.

कथेचा आरंभ भीतीपासून होतो. १९०६ साली अप्टन सिंक्लेअर या लेखकाची 'द जंगल' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. शिकागो येथील मांसाच्या कारखान्यांत राबणाऱ्या मजुरांची दैना जगापुढे मांडावी, हा लेखकाचा हेतू. पण वाचकांच्या मनाला जाऊन भिडली ती तेथील घाण. एवढी खळबळ उडाली की त्याच वर्षी मांसाच्या तपासणीचा एक व खाद्यपदार्थांच्या शुद्धतेचा एक, असे दोन कायदे अमेरिकन काँग्रेसला करावे लागले. परंतु कायद्याने तपासनीस नेमता येतो, मनातील किळस घालविता येत नाही. त्यातही खिम्याविषयीचा संशय सर्वांत अधिक. मांसाचा अखंड तुकडा डोळ्यांनी पारखता येतो. खिम्यात काय काय मिसळले आहे, हे कोणी सांगावे! खिम्याची चपटी टिकिया तव्यावर भाजून पावात घातली म्हणजे हॅम्बर्गर होतो. तो जत्रेत अथवा कारखान्याच्या दाराशी उभे राहून खावयाचा पदार्थ समजला जाई. सभ्य कुटुंबातील माणूस त्याकडे सहसा वळत नसे.

कॅन्सस राज्यातील विचिटा या शहरी वॉल्टर अँडरसन नावाचा एक आचारी होता. १९१६ साली त्याने ट्रामचा एक जुना डबा डागडुजी करून त्यात हॅम्बर्गरचे दुकान थाटले होते. पदार्थ चांगला, किंमत पाच सेंट, आणि गिऱ्हाईकही होते. नव्हती ती प्रतिष्ठा. १९२१ साली त्याला बिली इंग्रॅम हा विम्याचा व घरजागेचा व्यवहार करणारा भागीदार मिळाला. दोघांनी सातशे डॉलर कर्जाऊ घेतले व ते नव्वद दिवसांत फेडून टाकले. स्वयंपाक अँडरसनचा होता. पण लोकांच्या मनातील किळस हीच आपली खरी प्रतिस्पर्धी आहे, हे इंग्रॅमने ओळखले. तिच्याशी लढण्यास त्याने किल्ला बांधावयाचे ठरविले.

हा किल्ला अक्षरशः किल्लाच होता. जेमतेम पाच स्टुले मावतील एवढ्या खोलीला त्यांनी बुरूज दिले, वर कंगोरे दिले, आणि सगळे पांढरेशुभ्र रंगविले. नाव ठेविले 'व्हाइट कॅसल', म्हणजे पांढरा किल्ला. पांढरा रंग शुद्धतेचा आणि किल्ला बळकटीचा व टिकाऊपणाचा, असा अर्थ कंपनी स्वतःच सांगत असे. या रूपाचा आदर्श त्यांनी शिकागोच्या पाणीपुरवठ्याच्या बुरुजावरून घेतला. १८६९ साली बांधलेला तो चुनखडीचा बुरूज १८७१ च्या भयंकर आगीतून वाचलेल्या थोड्या इमारतींपैकी एक होय. ज्या शहराच्या मांसाच्या कारखान्यांनी हॅम्बर्गरची अब्रू घालविली, त्याच शहरातील आगीला पुरून उरलेली वास्तू हॅम्बर्गरच्या अब्रूच्या रक्षणासाठी निवडली गेली, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

आतील व्यवस्थाही त्याच विचाराची होती. भट्टी आणि तवा गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर. भाजणारा माणूस स्वच्छ पांढऱ्या वेषात. सर्वत्र चकचकीत पृष्ठभाग. लपविण्यासारखे येथे काही नाही, असे ती खोली न बोलता सांगत असे. पुढे काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या जागी एनॅमलचा मुलामा दिलेले पोलादी पत्रे आले. घरोघरी एनॅमलचे पेले व ताटल्या वापरणाऱ्यांस त्याचा गुण निराळा सांगावयास नको: डाग धरीत नाही, पुसले की स्वच्छ. ज्या गुणासाठी गृहिणी भांडे निवडते, त्याच गुणासाठी येथे भिंत निवडली गेली. असे पत्रे घडविण्यास कंपनीने १९३४ साली स्वतःचा कारखाना काढला. दुकान म्हणजे आता आतून बाहेरून धुता येणारे एक मोठे भांडेच झाले.

या पत्र्यांच्या किल्ल्यांना आणखी एक सोय होती. शहरातील मोक्याच्या जागा भाडेपट्ट्याने घ्याव्या लागत. पट्टा संपला की जागा सोडावी लागे. तेव्हा किल्ला उचलून दुसरीकडे नेता यावा, अशी त्याची रचना केलेली असे. मिनियापोलिस येथील आठव्या क्रमांकाचा किल्ला याचे उत्तम उदाहरण आहे. अठ्ठावीस फूट लांब व तितकाच रुंद असा तो १९३६ साली उभा राहिला. पुढे दोन वेळा जागा बदलून शहरातल्या शहरात प्रवास करिता झाला, आणि १९८६ साली राष्ट्राच्या ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत त्याचे नाव दाखल झाले. टिकाऊपणाचे प्रतीक म्हणून ज्याची निवड झाली, तो किल्ला चाकांवरून हिंडत राहिला आणि कदाचित म्हणूनच टिकला.

यश आले की नक्कल येतेच. १९२६ साली मिलवॉकी शहरात 'व्हाइट टॉवर', म्हणजे पांढरा मनोरा, या नावाची दुकाने निघाली. तोच रंग, तेच बुरूज, तेच पाच सेंट. १९२९ साली हे भांडण न्यायालयात गेले. मिशिगनमधील न्यायालयाने किल्ल्याच्या बाजूने निकाल दिला आणि १९३७ साली वरिष्ठ न्यायालयानेही तो उचलून धरला. कज्जा हॅम्बर्गरच्या चवीवरून नव्हता, तर नावावरून व इमारतीच्या रूपावरून होता, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ओव्हरी आणि सज्जे यांवरून व्यापारी एकमेकांस न्यायासनापुढे खेचतात, तेव्हा इमारतीचे रूप हेच भांडवल झाले, असे समजण्यास हरकत नाही.

एवढ्यात रस्त्यावरचा माणूसच बदलला. १९०८ ते १९२७ या काळात हेन्री फोर्डच्या 'मॉडेल टी' या एकाच जातीच्या दीड कोटींहून अधिक मोटारी बनल्या. पायी चालणारा माणूस दुकानापाशी थबकतो, पाटी वाचतो, आत डोकावतो. ताशी तीस मैल वेगाने जाणारी मोटार दर सेकंदास चव्वेचाळीस फूट पुढे सरकते. पाच सेकंदांत दोनशेवीस फूट रस्ता मागे पडतो. एवढ्या वेळात दुकान दिसावयाचे, ते कशाचे आहे हे समजावयाचे, थांबण्याचा विचार व्हावयाचा आणि गाडीही थांबवावयाची. बारीक नक्षी व सुबक अक्षरे यांचा तेथे काय उपयोग? स्वच्छतेची शंका फिटली होती. आता दुसरी शंका उभी राहिली: 'येथे काय मिळते?' तिचे उत्तर काही दुकानदारांनी फारच सरळपणे दिले. जे विकावयाचे, त्याच आकाराचे दुकान बांधले.

न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंड बेटावर १९३१ साली एका बदकपालकाने बदके व अंडी विकण्यासाठी वीस फूट उंचीचे सिमेंटचे बदक बांधविले. गिऱ्हाइकाने बदकाच्या छातीतील दारातून आत शिरावयाचे. त्या बदकाचे डोळे म्हणजे 'मॉडेल टी' मोटारीचे मागले दिवे होते. मोटारीतून येणाऱ्याकडे ते बदक मोटारीच्याच डोळ्यांनी पाहत राहिले, असे म्हणावयाचे. लॉस एंजल्स येथे हॅटच्या आकाराचे उपाहारगृह १९२६ सालीच निघाले होते. त्याच शहरात १९४६ साली पावात घातलेल्या सॉसेजच्या आकाराचे 'टेल ओ द पप' हे दुकान उभे राहिले. विकणारा माणूस पावाच्या मध्यभागी असलेल्या खिडकीतून डोकावे. अशा इमारती पाहून शिष्ट मंडळींना हसू येई. पण निरक्षर असो वा परभाषी, त्या दुकानाचा अर्थ न समजलेला माणूस विरळा.

या पार्श्वभूमीवर मॅक्डोनल्ड बंधूंचे दुकान पाहिले पाहिजे. रिचर्ड व मॉरिस हे दोघे भाऊ न्यू हॅम्पशायरमधून कॅलिफोर्नियात नशीब काढावयास आले. चित्रपटांच्या स्टुडिओंत त्यांनी मजुरी केली, एक चित्रपटगृह चालवून पाहिले. ते चालले नाही. १९४० साली सॅन बर्नार्डिनो या गावी त्यांनी उपाहारगृह काढले. मोटारी आवारात उभ्या राहात आणि मुली गाडीपाशी ताटे नेऊन देत. धंदा बरा चालला होता. तरीही १९४८ साली दोघांनी तो तीन महिने बंद ठेविला. वाढणाऱ्या मुली काढून टाकल्या, पंचवीस पदार्थांचे नऊ केले, काचेची व चिनी मातीची भांडी बाद करून कागद आणला. गिऱ्हाइकाने स्वतः खिडकीशी यावे आणि क्षणात पुडके घेऊन जावे, अशी ती योजना होती. हॅम्बर्गरची किंमत पंधरा सेंट ठेविली. कारखान्यात मोटार जशी हातोहात पुढे सरकते तसा येथे पाव सरकू लागला.

नव्या इमारतीची आखणी करताना त्यांनी केलेला प्रयोग नमूद करण्यासारखा आहे. घराजवळच्या टेनिसच्या मैदानावर नोकरांना उभे करून त्यांच्याकडून पाव भाजण्याचा, बटाटे तळण्याचा, पुडी बांधण्याचा अभिनय करविला आणि त्यांच्या पावलांमागोमाग खडूने रेघा ओढून भट्टी कोठे, टेबल कोठे हे निश्चित केले. त्याच रात्री, त्या रुक्ष प्रदेशात क्वचित पडणारा पाऊस पडला आणि सारा नकाशा वाहून गेला! दुसऱ्यांदा तोच खटाटोप करावा लागला. वास्तुशास्त्रातील मोठमोठ्या प्रबंधांत नसलेली एक गोष्ट या खडूच्या रेघांत होती: येथे इमारत आधी व माणसे नंतर, असा क्रम नव्हता, माणसांच्या हालचालीवर इमारत बेतली होती.

इमारतीचे बाह्य रूप ठरविण्यासाठी त्यांनी फाँटॅना गावचे स्टॅन्ली मेस्टन यांस बोलाविले. चार्ल्स फिश हे त्यांचे साहाय्यक होते. रिचर्डने स्वतः दोन कमानींची ओबडधोबड आकृती काढून ठेविली होती. मेस्टन व फिश यांनी तिला डौल दिला: वर फेकलेला चेंडू हवेत जी वाट आखतो, तशी लांबट, निमुळती कमान. पुढील बाजूस उंच होत गेलेले उतरते छप्पर, लाल व पांढऱ्या फरश्यांचे पट्टे, चकाकी टाळण्यासाठी वरच्या अंगास पुढे झुकलेल्या काचा, आणि दोन्ही कडांना निऑनने उजळलेल्या पिवळ्या कमानी. छपराचा भार त्या कमानींवर नव्हताच. त्यांचे काम दिसण्याचे होते. या नमुन्याचे पहिले दुकान १९५३ च्या मे महिन्यात ॲरिझोना राज्यातील फीनिक्स येथे उघडले. त्याच वर्षी १८ ऑगस्ट रोजी लॉस एंजल्सजवळील डाउनी या गावी दुसरे निघाले. त्याची कथा पुढे येईलच.

या कमानींनी कोणते वचन दिले? पांढऱ्या किल्ल्याने सांगितले होते, 'येथे भिऊ नका.' बदकाने सांगितले होते, 'येथे बदक मिळते.' कमानींनी यांपैकी काहीच सांगितले नाही; कमानीच्या आकाराचे खाद्य कोणी विकत नाही. त्या सांगत होत्या त्या काळाची भाषा. महायुद्ध संपले होते. विमाने आवाजाहून वेगाने जाऊ लागली होती. अंतराळाची स्वप्ने पडू लागली होती. लॉस एंजल्सच्या परिसरातील उपाहारगृहांनी याच सुमारास उडू पाहणारी छपरे, वाकडेतिकडे कोन व लखलखते दिवे यांचा अवलंब केला. जॉन लॉटनर या वास्तुकाराने सनसेट बुलेव्हार्डवर १९४९ साली 'गूगीज' नावाचे कॉफीगृह बांधले. ते पाहून डग्लस हॅस्केल या संपादकाने १९५२ साली 'हाउस अँड होम' मासिकात एक लेख लिहिला आणि या साऱ्या पद्धतीला 'गूगी वास्तुकला' असे नाव दिले. नाव थट्टेने पडले. पुढे इतिहासकारांनी तेच आदराने स्वीकारले. मूळ कॉफीगृह मात्र १९८९ साली पाडून टाकण्यात आले. भविष्यकाळ आला आहे आणि तो पंधरा सेंटांत मिळतो, असे काहीसे ती छपरे सांगत होती.

रे क्रॉक हा दूध घुसळण्याची यंत्रे विकणारा फिरता विक्रेता या दुकानावर लुब्ध झाला आणि नाव वापरण्याचे परवाने देशभर विकण्याचा हक्क त्याने बंधूंकडून मिळविला. १९५५ च्या एप्रिलमध्ये शिकागोजवळील डे प्लेन्स येथे त्याचे पहिले दुकान निघाले. येथे इमारतीने एक अडचण उभी केली. मूळ नमुना कॅलिफोर्नियाच्या उबदार हवेसाठी काढलेला. त्यात तळघर नाही, घर तापविण्याची भट्टी नाही. शिकागोच्या बर्फात त्याचा निभाव कसा लागावा? फेरफार तर अवश्य. आणि करारात तर असे की बंधूंच्या लेखी संमतीवाचून मूळ आराखड्यात बदल करू नये. या व अशा कुरबुरी वाढत गेल्या. अखेर १९६१ साली क्रॉकने सत्तावीस लाख डॉलर देऊन बंधूंचा सारा हक्क विकत घेतला. बंधूंना पैसा मिळाला. पण आपल्याच सॅन बर्नार्डिनोच्या दुकानावर आपलेच आडनाव लावण्याचा अधिकार राहिला नाही.

याच दशकात आणखीही चमत्कारिक रूपे जन्मास आली. ग्लेन बेल याने १९६२ साली आपले पहिले 'टाको बेल' त्याच डाउनी गावी काढले. मेक्सिकन पद्धतीचे खाद्य विकणाऱ्या त्या चिमुकल्या दुकानास जुन्या स्पॅनिश मिशनांच्या थाटाच्या कमानी होत्या. जॉर्जिया राज्यातील मॅरिएटा येथे १९६३ साली छप्पन्न फूट उंचीची कोंबडी उभी राहिली. तिची चोच व डोळे यंत्राने हलत. तर ज्या विचिटाने पांढरा किल्ला दिला, तेथेच १९५८ साली डॅन व फ्रँक कार्नी या भावांनी आईकडून सहाशे डॉलर घेऊन 'पिझ्झा हट' सुरू केले. त्यांच्यासाठी रिचर्ड बर्क या वास्तुकाराने एक लाल छप्पर काढले: खाली पसरट आणि माथ्यावर टोपीसारखे उचललेले. १९६९ पासून ते देशभर दिसू लागले. हे छप्पर वाटसरूला दुकानाऐवजी घराची आठवण करून देत असे.

परंतु वाऱ्याची दिशा बदलू लागली होती. रस्त्यांच्या दुतर्फा माजलेल्या पाट्या व दिवे यांचा शिकल्यासवरल्या समाजास वीट आला. पीटर ब्लेक या लेखकाने १९६४ साली 'गॉड्स ओन जंकयार्ड' हे पुस्तक लिहून या विद्रूपतेवर कोरडे ओढले. ते लाँग आयलंडचे बदकही त्याच्या तडाख्यातून सुटले नाही. १९६५ साली राजमार्गांच्या सुशोभनाचा कायदा झाला. सत्तरीच्या उंबरठ्यावर मॅक्डोनल्ड कंपनीनेही आपला वेष बदलला. कमानी व लाल-पांढरे पट्टे जाऊन विटांच्या भिंती व तपकिरी उतरती छपरे आली. आत बसावयास बाके आली. आता शेजाऱ्यांना दुकान शोभेल का, ही शंका महत्त्वाची ठरली होती, आणि तिचे उत्तर म्हणजे हे सोज्वळ रूप.

कमानी मात्र अगदीच नाहीशा झाल्या नाहीत. तिरक्या बाजूने पाहिले असता त्या दोन कमानी एकमेकींत गुंतून 'एम्' अक्षर होते, हे ध्यानात घेऊन १९६२ सालीच कंपनीने तसे चिन्ह तयार करविले होते. इमारतीवरून कमानी काढावयाची वेळ आली, तेव्हा कंपनीचे सल्लागार असलेले मानसशास्त्रज्ञ लुई चेस्किन यांनी त्यांची आकृती तरी सोडू नका, ग्राहकांच्या अंतर्मनात ती रुजली आहे, असा आग्रह धरला. अशा रीतीने इमारत खाली उतरली आणि पाटीवर चढली. वचन आता विटांत राहिले नाही, नावात गेले.

याच संक्रमणाच्या काळी रॉबर्ट व्हेंचुरी, डेनिस स्कॉट ब्राउन व स्टीव्हन आयझेनौर यांचे 'लर्निंग फ्रॉम लास व्हेगास' हे पुस्तक १९७२ साली प्रसिद्ध झाले. इमारतींचे त्यांनी दोन वर्ग केले. जिचा सारा देहच अर्थ सांगतो ती 'बदक', आणि जी साधी खोकेवजा असून पाटी व नक्षी यांच्या द्वारे बोलते ती 'सजविलेली शेड'. नाव अर्थात लाँग आयलंडच्या बदकावरून घेतले. ज्याची हेटाळणी आठ वर्षांपूर्वी झाली, ते बदक विद्यापीठांत संज्ञा म्हणून शिकविले जाऊ लागले! आयझेनौर यांनी पुढे १९७९ साली पॉल हर्शॉर्न यांच्यासह पांढऱ्या मनोऱ्यांवर एक स्वतंत्र ग्रंथ काढला. विद्वानांचे डोळे उघडले. पण त्यांच्या डोळ्यांदेखत मूळ इमारती जमीनदोस्त होत होत्या.

आता डाउनीकडे वळू. तेथील दुकानाचा परवाना रे क्रॉकने नव्हे, तर मॅक्डोनल्ड बंधूंनी दिलेला होता. त्यामुळे कंपनीचे नवे नियम त्याला लागू होत नसत. देशभर कमानी उतरत असताना तेथल्या तीस फुटी कमानी आपल्या जागी राहिल्या. १९५९ साली उभारलेली साठ फूट उंचीची निऑनची पाटीही राहिली. या स्वातंत्र्याची किंमतही दुकानाने मोजली. कंपनीचे नवे लोकप्रिय पदार्थ तेथे मिळत नसत, आत बसावयास जागा नव्हती, मोटारीतून पुडके घेण्याची खिडकी नव्हती. १९९० साली अखेर कंपनीने ते ताब्यात घेतले. १७ जानेवारी १९९४ रोजी लॉस एंजल्सच्या परिसरास भूकंपाचा मोठा धक्का बसला. दुकानास इजा झाली, विक्री तर आधीच थोडी होती. कंपनीने दुकान बंद केले व ते पाडावयाचे ठरविले.

व्यवहाराच्या दृष्टीने या निर्णयात चूक काढणे कठीण होते. धंदा करणाऱ्या संस्थेने तोट्यातील जुनी इमारत का पोसावी? चाळीस वर्षांचे हॅम्बर्गरचे दुकान म्हणजे काही अथेन्सचे मंदिर नव्हे. पण गावकरी व वारसा जपणारी मंडळी उठली. ऐतिहासिक वास्तूंचे जतन करणाऱ्या राष्ट्रीय न्यासाने १९९४ साली देशातील सर्वांत अधिक धोक्यात आलेल्या अकरा स्थळांच्या यादीत या दुकानाचे नाव घातले. त्यांचा मुद्दा साधा होता. त्या पिढीतील लक्षावधी सामान्य कुटुंबांनी राजवाडे पाहिले नव्हते, ऑपेरागृहे पाहिली नव्हती. मुलांना मागील बाकावर बसवून, पंधरा सेंटांचे पुडके हाती घेऊन, दिव्यांनी झगमगणाऱ्या ज्या वास्तूसमोर ती उभी राहिली, ती ही. ती पाडली तर त्यांच्या सुखाचा पुरावा म्हणून उरावयाचे काय? लोकमताचा हा रेटा पाहून कंपनीने निर्णय फिरविला, दुरुस्ती केली आणि १९९६ साली दुकान पुन्हा उघडले. वांद्र्याला ते पिवळे अक्षर आले, त्याच वर्षी त्या अक्षराचा जन्मदाता असा मरणाच्या दारातून परत आला.

याच्या उलट गोष्ट डे प्लेन्सची. क्रॉकचे ते पहिले दुकान १९८४ साली पाडण्यात आले आणि त्याच जागी त्याची हुबेहूब प्रतिकृती संग्रहालय म्हणून उभारण्यात आली. तीही २०१८ साली पाडली गेली. जेथे कंपनीचे पूर्ण स्वामित्व होते तेथे मूळ वास्तूही गेली आणि नक्कलही गेली. जेथे कंपनीचा हुकूम चालत नव्हता तेथेच खरी वस्तू टिकली. व्यापाराची शिस्त पुष्कळ गोष्टी साधते, परंतु जुने सांभाळण्यास थोडी बेशिस्तही लागते, असा निष्कर्ष यातून कोणी काढला तर त्यास नावे ठेवता येणार नाहीत.

डाउनीच्या उदाहरणाने इतरांस धीर आला की काय न कळे. पण नंतरच्या काळात अशा कथा वाढल्या हे खरे. मॅरिएटाची कोंबडी १९९३ च्या वादळवाऱ्यात मोडकळीस आली, तेव्हाही ती काढून टाकण्याचा विचार झाला होता. लोक संतापले आणि कोंबडी पुन्हा उभी करावी लागली. विमान चालविणारेही तिचा खुणेसाठी उपयोग करितात, असे तेथील लोक अभिमानाने सांगतात. डाउनीचे पहिले टाको बेल २०१५ च्या नोव्हेंबरात एका रात्री मोठ्या गाडीवर चढवून सुमारे पंचेचाळीस मैलांवरील अर्व्हाइन येथे कंपनीच्या मुख्य कचेरीच्या आवारात नेण्यात आले. विचिटातील पहिल्या पिझ्झा हटची लहानशी इमारत तेथील विद्यापीठाच्या आवारात हलविली गेली व २०१८ साली तिचे संग्रहालय झाले. लाल छपरांचे नशीब निराळेच. मूळ धंदा उठून गेला तरी कित्येक छपरे राहिली आणि त्यांच्याखाली दुसरेच उद्योग सुरू झाले. पाटी कोणतीही लावा, छप्पर पाहताच लोक म्हणतात, येथे पूर्वी पिझ्झा मिळत असे. विटांचे वचन पुसणे पाटी पुसण्याइतके सोपे नाही.

हल्ली अशा कंपन्यांची नवी दुकाने पाहिली तर ती बहुधा सपाट छपरांची, करड्या वा तपकिरी रंगाची खोकी असतात. उद्या ती विकावयाची झाली तर दुसऱ्या कोणत्याही धंद्यास उपयोगी पडावीत, हाही हिशेब त्यामागे असतो. यात कोणाला रसिकतेचा ऱ्हास दिसेल. पण कारण अधिक खोल आहे. अनोळखी माणसाला वचन द्यावे लागते. ओळखीच्या माणसाला ते द्यावे लागत नाही. खिम्याला भिणारे गिऱ्हाईक आता राहिले नाही; येथे काय मिळते हे न ठाऊक असलेला वाटसरूही विरळा. नाव जगभर ठाऊक झाले आणि इमारतीला बोलण्यासारखे काही उरले नाही. मौन धारण केलेली ही नवी दुकाने म्हणजे जुन्या बोलक्या दुकानांच्या यशाचाच परिणाम होय.

म्हणूनच जी थोडी बोलकी दुकाने शिल्लक आहेत, त्यांचे मोल त्यांच्या सौंदर्यावर अवलंबून नाही. विश्वास आयता मिळत नसतो, तो कोणीतरी बांधावा लागतो, याची ती साक्ष आहेत. कोणी तो पांढऱ्या पत्र्यांतून बांधला, कोणी सिमेंटच्या बदकातून, कोणी कशाचाही भार न वाहणाऱ्या दोन कमानींतून. डाउनीला संध्याकाळी त्या कमानींतील निऑन पेटतो. तेथे रांगेत उभ्या असलेल्या लहान मुलाला पाटीवरच्या अक्षराचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. ते अक्षर तेथे इमारत होऊन उभे असते.